धिंगरीचं बियाणं का उतरतं, आणि नवी जात आपल्याला करता येते का?

औसा तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचा बचत गट चार वर्षांपासून फ्लोरिडा जातीची धिंगरी (ऑयस्टर मशरूम) घेतो. आधी विकतचं स्पॉन (ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेलं मशरूमचं बियाणं) आणायचे, नंतर कल्चर, म्हणजे ज्यावरून स्पॉन करतात ते मूळ बेणं, स्वतःच करायला लागले. "कधी देठाचा तुकडा लावला, कधी छत्रीखाली कागद ठेवून पडलेली भुकटी," असं त्यांनी लिहिलंय. पहिल्या वर्षी १ किलो सुक्या भुसकटामागं ८०० ग्रॅम मशरूम निघायचं, आता ४०० वर आलंय. त्यांचं विचारणं असं: जात बिघडली का? दोन जातींचा संकर करून आपल्या उन्हाला टिकणारी नवी जात आम्हाला काढता येईल का? आणि बटन मशरूमची अशी जात अजून कुणी का काढली नाही?

ताई, देठाचा तुकडा आणि भुकटी हे दोन्ही तुम्ही एकाच वाक्यात सहज लिहून गेलात. खरं तर या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या अडचणीचं मूळ बहुतेक तिथंच असावं.

तुमच्या भागात ऊस आहे. ८६०३२ ची कांडी लावली की ८६०३२च येतो. देठाचा तुकडा म्हणजे ही कांडी. आता संकरित कपाशीची सरकी घरी ठेवून पेरली तर काय होतं? एक झाड छातीला लागतं, शेजारचं गुडघ्यालाच थांबतं, बोंडांचाही मेळ नसतो. छत्रीखालची भुकटी म्हणजे ही सरकी. सोयाबीनचं घरचं बियाणं चालतं म्हणून आपल्याला वाटतं की मशरूमचंही चालेल. सोयाबीन स्वतःच्याच परागावर फळतं आणि वाण आधीच एकजिनसी झालेला असतो, म्हणून ते चालतं. धिंगरीचं तसं नाही.

थोडं खोलात जातो, कारण याशिवाय पुढचा संकराचा भाग कळणार नाही. आपल्या पेशीत आईकडचा आणि वडिलांकडचा वारसा एकाच केंद्रकात असतो. धिंगरीच्या धाग्यात मात्र दोन वेगळी केंद्रकं शेजारीशेजारी राहतात. एका घरात दोन चुली म्हणा. पिशवीभर पांढरं जाळं पसरतं, टाचणीच्या डोक्याएवढे कोंब फुटतात, छत्री उघडते, तोवर या दोन चुली वेगळ्याच. छत्रीखालच्या झालरीवर मात्र शेवटच्या टप्प्याला ही दोन केंद्रकं एक होतात, लगेच त्यांची वाटणी होते आणि चार बीजाणू तयार होतात. प्रत्येकात एकच केंद्रक, आणि त्यात दोन्हीकडच्या वारशाची नवी सरमिसळ. म्हणून एका छत्रीखालचे लाखो बीजाणू एकसारखे नसतात, सगळी भावंडंच, पण प्रत्येकाचं रूप-गुण वेगळं.

एकटा बीजाणू उगवतो, त्याचं जाळंही वाढतं, पण त्याला सहसा छत्री येत नाही. त्याला जोडीदार लागतो. जोडीदार निवडताना धिंगरी आपल्यासारखीच कुळ आणि देवक दोन्ही बघते. शास्त्रात याला 'अ' आणि 'ब' असे दोन घटक म्हणतात. दोन्ही वेगळे असले तरच सोयरीक जमते, एक जरी सारखं निघालं तर नाही. एका छत्रीत चार प्रकारचे बीजाणू निघतात: अ१ब१, अ२ब२, अ१ब२ आणि अ२ब१. जुळवून बघा, प्रत्येकाचं भावंडांपैकी चौथ्या हिश्श्याशीच जमतं. उलट दुसऱ्या, नात्यात नसलेल्या धिंगरीच्या बीजाणूशी जवळपास प्रत्येकाचं जमतं, कारण निसर्गात या घटकांचे प्रकार पुष्कळ आहेत.

आता तुमची भुकटी घ्या. कागदावरची चिमूटभर भुकटी बशीत (पेट्री डिशमध्ये) टाकली की हजारो बीजाणू उगवतात, भावाबहिणींच्या जोड्या जुळतात आणि सगळ्यात वेगानं धावणारी जोडी बशी व्यापते. तुम्हाला वाटतं, आपली फ्लोरिडा आली. आली ती फ्लोरिडाची लेक, तीही घरातल्या घरात लग्न लावून. प्रत्येक वेळी असं केलं की मूळ जोडीतला फरक साधारण निम्म्यानं कमी होतो: आधी निम्मा, मग पाव, मग दोन आणे. दुबळे गुण, जे दोन केंद्रकांपैकी एकात दडून होते, ते वर येतात. छत्र्या वेड्यावाकड्या येतात, दुसरी तोडणी नावापुरती मिळते, कोंब फुटून तिथंच सुकतात. भुकटीवरून किती वेळा कल्चर केलं ते तुम्ही लिहिलं नाही. दोन-तीनदा केलं असेल तर मला ४०० ग्रॅमचं नवल वाटत नाही.

देठाच्या तुकड्यात हा धोका नाही. तिथं दोन्ही चुली जशाच्या तशा पुढं जातात. पण ऊसवाल्याला माहीत असतं की कांडीही बेणेमळ्यातली लागते. दरवर्षी शेतातलाच ऊस बेण्याला वापरत गेलं तर गवताळ वाढ, खोडवा खुजा राहणं असले रोग सोबत येतात. धिंगरीच्या कल्चरचंही तसंच आहे. एका बशीतून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या असं करत गेलात की मधेच एखाद्या केंद्रकात बदल होतो, विषाणूही धाग्यातून धाग्यात जातात. ते डोळ्यानं दिसतं. चांगली बशी उजेडासमोर धरली की कडेपर्यंत सारखी, पांढरी, गव्हाच्या ओंबीच्या कुसळासारखी बारीक रेघांची वाढ दिसते. उतरलेल्या बशीत एखादा पंख्याच्या आकाराचा भाग वेगळा पडतो, पिंजलेल्या कापसासारखा फुगीर, नाहीतर चपटा आणि मळकट. नवखा माणूस तो कापूस बघून खूश होतो आणि नेमका तिथूनच तुकडा उचलतो. मीही उचललाय.

तुकडा घ्यायचा तो पहिल्या तोडणीच्या, घट्ट आणि भरीव घोसातल्या, अजून काठ खाली वळलेल्या तरुण छत्रीचा. देठ आणि छत्री मिळतात तिथल्या आतल्या मांसाचा. बरेच जण उलटं करतात, चांगला माल बाजारात पाठवतात आणि उरलेल्या तिसऱ्या तोडणीतल्या जून छत्रीतून कल्चर करतात. आणखी एक, ज्वारीच्या स्पॉनवरून पुन्हा ज्वारीचं स्पॉन किती वेळा करायचं? कल्चरवरून मदर स्पॉन, मदरवरून विक्रीचं स्पॉन, तिथं थांबायचं. बाटलीतून बाटली, पिशवीतून पिशवी ही साखळी लांबवली की उतार ठरलेला.

हे सगळं सांगितलं तरी माझा एक आग्रह आहे. जातीला दोष देण्याआधी खात्री करा. कुठूनतरी खात्रीचं ताजं कल्चर मिळवा. सोलनजवळ चंबाघाटला अळिंबी संशोधन संचालनालय आहे, १९८३ पासूनचं, तिथं जातींची मोठी पेढी आहे. जवळचं म्हणाल तर पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचा अखिल भारतीय प्रकल्प आहे. मग एकाच दिवशी, एकाच भुसकटाच्या, जुन्या कल्चरच्या १० आणि नव्याच्या १० पिशव्या भरा आणि मांडणीवर एक जुनी, एक नवी अशा आलटून पालटून ठेवा. दोन्हीकडं ४०० आलं तर जात निर्दोष आहे, दुखणं दुसरीकडं आहे.

मला हा धडा एका दसऱ्याच्या सुमाराला मिळाला. उत्पादन घसरलं, मी कल्चरवर बोट ठेवलं, सगळ्या जुन्या बाटल्या फेकून दिल्या, नवं मागवलं. तेही तेवढंच आलं. शेवटी कळलं की त्या वर्षी सोयाबीन काढणीला आलेलं असताना पाऊस झाला होता आणि भुसकट ढिगातच तापून काळं पडलं होतं. जात बिचारी विनाकारण बदनाम झाली. आणि अजून एक, जे मी प्रत्येक गटाला विचारतो: तुरीच्या, हरभऱ्याच्या मर रोगासाठी आणलेल्या ट्रायकोडर्माच्या पुड्या मशरूमच्या खोलीत ठेवता का? शेताला ती चांगली, पण पिशवीवर जी हिरवी बुरशी येते ती त्याच कुळातली.

आता संकर. करता येतो. औशात बसूनही करता येतो, पण फ्रीज, ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेनं जंतू मारणारं यंत्र), लॅमिनार (गाळलेल्या स्वच्छ हवेची पेटी) आणि ४०० पट दाखवणारी सूक्ष्मदर्शी एवढं लागतंच. ते तुमच्याकडं नसेल तर कृषी महाविद्यालयाशी जोडून घ्या, एखाद्या विद्यार्थ्याला विषय मिळेल आणि तुम्हाला प्रयोगशाळा.

पद्धत अशी. दोन आईबाप निवडायचे. प्रत्येकाची छत्री निर्जंतुक कागदावर रात्रभर पालथी ठेवायची. सुईच्या टोकावर येईल एवढी भुकटी १० मिली निर्जंतुक पाण्यात टाकायची, त्यातलं १ मिली पुढच्या ९ मिलीत, असं चार-पाच वेळा दहापट पातळ करत जायचं आणि शेवटच्या नळीतले दोन-तीन थेंब पीडीएच्या (बटाट्याचा अर्क आणि साखर घातलेल्या जेलीच्या) बशीवर पसरायचे. तीन-चार दिवसांत भिंगाखाली सुटे अंकुर दिसतात. त्यांचे धागे एकमेकांना भिडायच्या आत एकेक अंकुर उचलून वेगळ्या नळीत ठेवायचा. उशीर झाला तर जोडपंच हाती येतं.

एकटा आहे की जोडपं, हे ओळखायची खूण फार सुंदर आहे. सूक्ष्मदर्शीखाली धागा बघत जायचं. जोडप्याच्या धाग्यात दोन पेशींमधल्या आडव्या पडद्यापाशी एका बाजूला छोटासा फुगवटा दिसतो, कपाच्या कानासारखा. त्याला क्लॅम्प म्हणतात. पेशी वाढताना दोन्ही चुलींचा एकेक वारस पुढच्या घरात जावा म्हणून केलेली ही वळणवाट आहे. एकट्याच्या धाग्याला कान नसतो, तो नुसता सरळ जातो. पहिला कान दिसला त्या रात्री मी बायकोला झोपेतून उठवून दाखवला. ती म्हणाली, "बरं, मग?" आणि झोपली.

बिनकानाच्या नळ्या दोन्हीकडच्या जमल्या की लग्न लावायचं. ९ सेंटिमीटरच्या बशीत दोन सेंटिमीटर अंतरावर एक तुकडा या घरचा, एक त्या घरचा. दहाएक दिवसांनी मधल्या सीमेवरून नाही, तर दोन्ही बाजूंच्या बाहेरच्या कडांवरून थोडं उचलून बघायचं. तिथं कान दिसले तर केंद्रकं आरपार पोचली, सोयरीक पक्की. या दहा दिवसांत बशीवरचा नंबर टिकला पाहिजे. माझ्या एका अख्ख्या हंगामाच्या बश्यांवर जेल पेननं लिहिलेले नंबर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसले गेले आणि कोण कुणाचं ते कायमचं गेलं. पेन्सिलनं चिकटपट्टीवर लिहा.

आणि इथं खरं काम सुरू होतं. दोन्हीकडून आठ-आठ एकटे घेतले तर ६४ जोड्या होतात. प्रत्येकीच्या १० पिशव्या म्हणजे ६४०. कुणाला झेपणार? म्हणून आधी प्रत्येकीच्या दोन पिशव्या करायच्या आणि त्यातून पाच-सहा निवडून त्यांच्या वीस-वीस. पण निवडताना माझी चूक करू नका. माझ्या पहिल्या संकरात एका जोडीनं बारा दिवसांत पिशवी पांढरीशुभ्र केली, बाकीच्यांना अठरा लागले होते. मी तिला मनातल्या मनात बक्षीस देऊन टाकलं. पुढं चाळीस दिवस ती पिशवी तशीच पांढरी राहिली, एक कोंब फुटला नाही. जाळं वेगानं पसरणं आणि छत्री येणं हे दोन वेगळे गुण आहेत, बशीतला पहिला नंबर पिशवीत कामाचा नाही. वजन घ्यायचं ते पहिल्या दोन तोडण्यांचं, आणि एकाच हंगामावर विसंबायचं नाही: श्रावणातल्या दमट हवेत जी जात नाचते तीच फेब्रुवारीच्या कोरड्या वाऱ्यात मान टाकते. मला विचाराल तर आपल्याकडं उत्पादनाच्या जोडीनं जाड मांस आणि आखूड देठ बघावं. औशाहून लातूरला एसटीनं माल नेताना पातळ छत्रीचे काठ फाटतात, आणि वाळवायचं म्हटलं तर साधारण १० किलो ओल्याचा १ किलो सुका होतो, तिथंही मांसच मोजलं जातं.

कुणाचा कुणाशी संकर होतो, यात फसवणूक चालते. फ्लोरिडा ही शास्त्रानुसार ऑस्ट्रिएटस या थंडीतल्या धिंगरीचीच गरम हवेला सोसणारी बहीण आहे, त्यांचं आपसात जमतं. पण आपण साजोर-काजू म्हणून लावतो ती राखाडी धिंगरी आणि गुलाबी धिंगरी या वेगळ्या जातीकुळीच्या आहेत. फ्लोरिडाशी त्यांचा साधा संकर होत नाही, बशीत दोघं समोरासमोर येऊन थांबतात. 'फ्लोरिडा आणि गुलाबीचा संकर' म्हणून कुणी महागडी बाटली दाखवली तर हात जोडून पुढं चला. मी एका प्रयोगशाळेकडून फ्लोरिडा म्हणून घेतलेलं स्पॉन छत्र्या आल्यावर राखाडी निघालं होतं, त्यामुळं लेबलवर माझा फारसा विश्वास उरलेला नाही.

म्हणून तुमच्यासाठी आईबाप म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणाहून मिळवलेल्या दोन फ्लोरिडा, एक भरघोस येणारी आणि एक २८-३० अंशांपर्यंत कोंब सोडणारी. किनवट-माहूरच्या जंगलात पावसाळ्यात वाळक्या खोडांवर रानधिंगरी उगवते, तिच्यातही उष्णतेचा गुण असू शकतो. मात्र ती आधी तज्ज्ञाकडून ओळखून घ्या. बांधावर, गवतात उगवणाऱ्या पांढऱ्या छत्र्यांच्या नादी अजिबात लागू नका. त्यातल्या एकीची भुकटी कागदावर हिरवट पडते आणि ती विषारी आहे.

मे महिन्यात ४२ अंशांत मात्र कुठलाच संकर धिंगरीला वाचवणार नाही. त्या दिवसांत दुधी अळिंबी घ्या. ती मुळात पश्चिम बंगालची, १९७४ मध्ये तिची नोंद झाली, आणि कोइम्बतूरच्या कृषी विद्यापीठानं १९९८ मध्ये तिचा एपीके-२ हा वाण दिला. तिला ३०-३५ अंश मानवतं. तिला ऊन सोसतं, पण आपली कोरडी हवा सोसत नाही. गोणपाट दिवसातून चारदा भिजवावं लागतं.

राहिलं बटन. तिथं अडचण निसर्गानंच घातली आहे. बटनच्या झालरीवर चाराऐवजी बहुतेक दोनच बीजाणू येतात आणि प्रत्येकात दोन केंद्रकं आधीच असतात. म्हणजे बीजाणू जोडीदार घेऊनच जन्माला येतो, आणि संकरासाठी लागणारा एकटा मिळणं मुश्किल. त्या धाग्याला कानही नसतात, त्यामुळं एकटा कोण ते नुसतं बघून कळत नाही. नेदरलँडमधल्या हॉर्स्टला गेर्डा फ्रित्शे या बाईंनी वर्षानुवर्षं खपून हे एकटे शोधले, त्यांची लग्नं लावली आणि १९८० च्या सुमाराला यू-१ आणि यू-३ हे संकर दिले. ते इतके चांगले निघाले की जगभरातल्या पांढऱ्या बटनच्या जाती पुढं बहुतांशी त्यांच्याच नात्यातल्या होऊन बसल्या. सगळं गाव एकाच वाणाची कपाशी लावतं आणि मग बोंडअळी येते, तसला धोका त्यात आहे.

उन्हाचा गुण बटनच्या भाऊबंदांत आहे. कॅलिफोर्नियाच्या सोनोरन वाळवंटात तिचा एक रानटी प्रकार सापडला, त्याला चार बीजाणू येतात, तो २५ अंशांला फळतो आणि नेहमीच्या बटनशी त्याचं जमतं. पैदासकार त्याच्यावर काम करतात. पण नेहमीच्या बटनला १४ ते १८ अंश लागतात, आणि २५ ला फळणारी जात आली तरी आपल्याकडं एसीचं बिल कमी होईल, बंद होणार नाही. बचत गटानं यात पडू नये, असं माझं मत.

धिंगरीतला आणखी एक गुण तुमच्या तब्येतीशी जोडलेला आहे. बंद खोलीत रोज काम करणाऱ्याला बीजाणूंच्या धुळीनं खोकला, ताप, धाप लागते. फुप्फुसाचा हा आजार मशरूमच्या कामगारांत ओळखीचा आहे. युरोपात म्हणून बीजाणूच न सोडणारी धिंगरीची जात काढली गेली. तुमच्या हातात ती येईपर्यंत छत्रीचे काठ सपाट व्हायच्या आत तोडणी करा आणि सकाळी खोलीत जाताना तोंडाला रुमाल नाही, नीट मास्क बांधा.

आत्ता लगेच काय करायचं विचाराल तर भुकटीवरून केलेल्या सगळ्या बाटल्या आधी बाजूला काढा. ताजं कल्चर आलं की त्याच दिवशी पाच-पाच मिलिमीटरचे तुकडे कापून निर्जंतुक डिस्टिल्ड पाण्याच्या दहा-बारा छोट्या बाटल्यांत बुडवून झाकणं घट्ट लावा आणि तारीख घाला. दर हंगामाला त्यातली एकच उघडायची, तिच्यात उरलेलं परत पाण्याच्या बाटलीत टाकायचं नाही. या बाटल्या कपाटात, अंधारात, साध्या हवेत वर्षभर तरी टिकतात, त्यामुळं भारनियमनात फ्रीज बंद पडला तरी तुमचं बेणं जात नाही. गुलाबी धिंगरी आणि भाताच्या पेंढ्यावरची अळिंबी लावायला घेतलीत तर त्यांच्या बाटल्या फ्रीजमध्ये मुळीच ठेवू नका, थंडीनं त्या मरतात.